ओलेत्यातला पावसाळा

आमच्या घरात बाईच्या अंगाला कमरेखाली एकदम पावलंच होती. मधलं काही देवानं घडवलेलंच नव्हतं. पोट दुखलं तर कंबर म्हणायची, गुडघा दुखला तर पाऊल म्हणायचं, आणि त्या दोहोंच्या मध्ये काही झालंच तर गप्प बसायचं. असं असताना मला नायटा उठावा तो नेमका त्या न घडवलेल्या भागात, जिथे नऊवारीचा काष्टा करकचून बसतो आणि मांडीला मांडी लागते तिथे. परवा नात म्हणाली, "आजी, बाकी सगळं लिही, पण हे नको गं." म्हणून आधी हेच लिहायला घेतलं. ऐंशीच्या घरात आलेल्या बाईला कसली आलीय अब्रू? तेव्हा मात्र होती. वीस वर्षांची होते, लग्नाला दीड वर्ष झालं होतं, मराठी सहावी पास होते आणि आपल्याइतकं शहाणं कुणी नाही अशी माझी पक्की समजूत होती. ती शहाणी आज मला कुठे भेटली तर आधी तिला एक टपली मारीन, आणि मग एक कोरडं लुगडं देईन.

रत्नागिरीत आमचं घर खालच्या अंगाला, माडांच्या आगरात होतं. घरात माणसं तीनच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सासूबाई, ज्यांना सगळी आळी माई म्हणायची म्हणून मीही माई म्हणे, आणि मी. आमचे हे मुंबईला एका पेढीवर कारकून. ते आगबोटीनं येत, आणि पावसाळाभर आगबोटी बंद, त्यामुळे ज्येष्ठात गेलेला नवरा बंदर उघडल्यावरच दिसायचा. पहाटे जाग यायची ती रहाटाच्या कुरकुरण्यानं. माई पाणी काढत असत. त्याच्यामागे समुद्राची गाज, ती इतकी सततची की थांबली असती तरच ऐकू आली असती. मग मामंजींचं स्तोत्र, खाकरत खाकरत, आणि पागोळ्यांचं टपटप. पावसाळ्यात त्या घरातल्या प्रत्येक वस्तूला वास असे. मिठाच्या मडक्याला, अंथरुणाला, मामंजींच्या पोथीला, सगळ्याला एकच ओला, आंबूस वास. आणि त्या वासावर मात करणारा एकच वास, तो म्हणजे चुलीवर लाल तांदळाच्या पेजेला उकळी फुटली की सुटायचा तो. कुळथाचं पिठलं, फणसाच्या आठळ्या घातलेलं अळूचं फदफदं, श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. खायचं म्हणाल तर त्या घरात मी कधी उपाशी राहिले नाही. फक्त कोरडी राहिले नाही.

आता सोवळं म्हणजे काय हे आजच्या मुलींना सांगावं लागतं. देवाचा नैवेद्य ज्या चुलीवर शिजायचा तिच्याजवळ जायचं तर अंगावरचं वस्त्र कुणी शिवलेलं चालायचं नाही. इतर घरांत आदल्या दिवशी लुगडं धुऊन उंच दांडीवर काठीनं वाळत घालत आणि सकाळी ते कोरडं नेसत. आमच्या घरात तसं नव्हतं. माईंच्या सासूच्या काळात म्हणे दांडीवरच्या लुगड्यावर मांजर चढली होती. कुणी पाहिलं नाही, पण चढली असावी, असं त्या सासूला वाटलं. तेव्हापासून घराचा नियम झाला की दांडीवर भरवसा नाही. विहिरीवर लुगड्यासकट अंगावर चार घागरी ओतून घ्यायच्या, पदर पिळायचा आणि त्याच ओलेत्यानं सरळ चुलीपुढे उभं राहायचं, ते नैवेद्य होऊन मामंजींचं पान वाढेपर्यंत. मामंजी पूजेला बसत ते मात्र रेशमी मुकट्यात. रेशमाला विटाळ होत नाही. त्यामुळे मुकटा कोरडा, खुंटीवर, कधीही नेसायला तयार. एका मांजरीच्या नुसत्या संशयानं त्या घरातल्या तीन पिढ्यांच्या बायका ओल्या राहिल्या. चैत्र-वैशाखात लुगडं चुलीच्या धगीनं अंगावरच वाळून जाई. पावसाळ्यात ते दुपारपर्यंत वाळायचं नाही, नुसतं कोमट व्हायचं.

त्या पावसाळ्यात आषाढाच्या सुमारास मला खाज सुरू झाली. पहिल्यांदा वाटलं, काही चावलं असेल. मग आधेलीच्या नाण्याएवढं लाल चकंदळ झालं, मग पेराएवढी त्याची कडा वाढली, मग मधलं काळपट पडून कडा पुढे पुढे सरकू लागली, जशी भरतीची रेघ वाळूवर सरकते तशी. आणि खाज म्हणजे काय खाज! भाकरी थापताना, देवासमोर वाकताना, मामंजींना ताक वाढताना. हात दोन्ही गुंतलेले असत आणि गुंतलेले नसते तरी त्या जागी हात नेणार कसा? मी चुलीपुढे एका पायावरून दुसऱ्या पायावर अशी डुलत राहायचे. मामंजी एकदा ओटीवरून म्हणाले, "सूनबाई स्वयंपाक करत्ये की नाचत्ये?" मी स्वयंपाकघरात रडले आणि पिठल्यात मीठ घालायचं विसरले.

तुम्ही विचाराल, सांगायचं होतंस की सासूला. सांगते का नाही सांगितलं ते. माझ्या माहेरी मालगुंडला माझी एक चुलत आत्या होती. तिच्या हनुवटीवर लग्नानंतर सहा महिन्यांनी एक पांढरा डाग उठला. सासरच्यांनी तिला 'चार दिवस माहेरी राहून ये' म्हणून धाडली आणि नंतर नेलीच नाही. नवऱ्यानं दुसरी केली. आत्या गोठ्यालगतच्या खोलीत राहायची आणि पत्रावळी लावायची. तिनं लावलेल्या पत्रावळीवर सगळे जेवत, पण तिनं शिजवलेला भात कुणी खात नसे. मी लहानपणी तिला विचारलं होतं, "आत्या, तू भात का करत नाहीस?" ती म्हणाली, "मला येत नाही गो." इतकी वर्षं मला ते खरंच वाटत होतं. जिच्या कातडीला काही झालं ती नैवेद्याच्या चुलीपासून लांब, आणि जी चुलीपासून लांब ती घरातून लांब. एवढा हिशेब मला सहावी पास न होताही कळला असता. शिवाय मनात रक्तपितीची, म्हणजे महारोगाची, धास्ती; त्यात कातडी बधिर होते असं ऐकलं होतं. लुगडं बदलताना मी सुईनं त्या जागी टोचून पाहायचे. दुखलं की देवाचे आभार मानायचे. दिवसातून तीनतीनदा देवाचे आभार मानणारी इतकी भाविक सून माईंना दुसरी मिळाली नसती.

उपाय केले की! टाकळ्याच्या बिया चोरून ताकात वाटल्या आणि लावल्या. उंडीचं तेल लावलं, त्याचा वास लपवायला देवघरात जादा उदबत्ती लावली. मग माझ्यातली शहाणी जागी झाली. बाळंतिणीच्या सामानात बिब्बे होते. बिब्बा नायट्याला जाळतो हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कोणत्या नायट्याला, कुठल्या, किती, हे ऐकायला मी थांबले नव्हते. दुपारी माई वामकुक्षी करत असताना न्हाणीत दार लावून मी सुईवर बिब्बा टोचला, दिव्यावर धरला आणि त्यातून सुटलेला काळा थेंब त्या जागी टेकवला. एक टेकवला तो पुरला नाही म्हणून आणखी चार. पहिला तासभर काहीच झालं नाही. मी विजयी वीरासारखी बाहेर आले. संध्याकाळपर्यंत बिब्बा उतला. कातडीला फोड आले, फोडांतून पाणी, पाण्यानं पुढची कातडी पोळली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे विहिरीवर चार घागरी अंगावर घेऊन मी पुन्हा तेच ओलेतं लुगडं काष्टा मारून नेसले. त्या काष्ट्याबद्दल मी इतकंच म्हणते की माझ्या शत्रूलाही तो नको. मी माईंना सांगितलं, पाय घसरून कंबर लचकली. त्या बिचारीनं तीन दिवस माझी कंबर वाळूच्या पुरचुंडीनं शेकली. जळत होतं एकीकडे आणि शेक भलतीकडे.

त्या दिवसांत मी विहिरीत वाकून पाहायचे. खोटं कशाला सांगू? पाणी वरपर्यंत आलेलं, काळं, त्यात माझं तोंड. आज त्या मुलीची थट्टा करताना या एका जागी माझा हात अडतो. ती खरंच पाहत होती. मग तिला वाटायचं, आपण उडी मारली तर विहीर बाटेल, उपसावी लागेल, उपसेपर्यंत माईंना सोवळ्याचं पाणी लांबून आणावं लागेल. एवढ्या एका अडचणीवरून ती मागे फिरायची. माणसाला जगवायला पुरतं कधीकधी तेवढंही.

आणि मग कावळा शिवला. म्हणजे महिन्याचे ते चार दिवस. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात चटई, वेगळं तांब्या-भांडं, कुणाला शिवायचं नाही, चुलीकडे फिरकायचं नाही, आणि नेसायचं साधं, वाळलेलं, जाडंभरडं लुगडं. चार दिवस कोरडं! पहिल्या दिवशी आग थांबली. तिसऱ्या दिवशी खाज इतकी कमी झाली की मी झोपले. नुसतीच झोपले, दुपारी, पावसाच्या आवाजात, जशी लहानपणी झोपायचे तशी. चौथ्या दिवशी कडा फिकी पडलेली दिसली. पाचव्या दिवशी न्हाऊन पुन्हा ओलेत्यानं चुलीपुढे उभी राहिले, आणि दोन दिवसांत सगळं परत जागेवर. तेव्हा कुठे या शहाणीच्या डोक्यात उजेड पडला की रोग आपल्या रक्तात नाही, लुगड्यात आहे. पण हे माईंना सांगायचं तर रोग आहे हे आधी सांगायला हवं. आणि रोग आहे म्हटलं की मालगुंडच्या गोठ्यालगतची खोली.

म्हणून मी काय केलं? पंधरा दिवसांनी एका सकाळी विहिरीवर जाण्याआधीच माईंना पडवीतून ओरडून सांगितलं, "माई, कावळा शिवला हो!"

"अगो, परत?" माई म्हणाल्या. "आत्ताच तर झालीस की."

"काय करू? शिवला."

कावळ्याला काय, तो काही साक्ष द्यायला येत नाही. चार दिवस कोरडे मिळाले. मग दहा दिवसांनी खरोखरीचा शिवला, तेव्हा चाराचे सहा दिवस केले. मग आठ दिवसांनी पुन्हा खोटा. संशय नको म्हणून मी मागच्या पऱ्यावर, म्हणजे ओहोळावर, फडकी धुवायला जायचे, स्वच्छ फडकी, आणि ती दगडावर अशी आपटायचे की आळीला कळावं. इतकी मन लावून कोरी फडकी कुणी धुतली नसतील.

आमच्याकडे सखू म्हणून एक कुणबीण गोठ्याचं काम करायला यायची. पन्नाशीची, काटक, तोंडानं फटकळ. ती एकदा पऱ्यावर माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"काय वो वयनी," ती म्हणाली, "चांगलीच फडकी धुताव ती कशापायी?"

ती खाली बसली, माझ्या चालण्याकडे बघत होती म्हणाली कितीतरी दिवस. मला रडू फुटलं आणि मी त्या बाईला, जिची सावली स्वयंपाकघरात पडलेली चालत नव्हती, सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. म्हणाली, "त्यात काय झाला? आमाला पन व्हतं. लावणीत म्हयना म्हयना चिखलात वाकलेल्या असतंव, लुगडा वला तो वलाच. मंग व्हतं हितं. लावणी सरली, सुका नेसलंव, चार दिस राखुंडी लावली, की ग्येला." मग माझ्याकडे बघून मान हलवत म्हणाली, "तुमची लावणी काय सरतच नाय गो बाय."

मला त्या वाक्याचा इतका आधार वाटला की मी उठून घरी आले आणि आणखी एकदा कावळा शिववून घेतला.

पण मोजणारं माणूस घरात होतं. माईंची तिथी कधी चुकत नसे. पंचांग न पाहता त्या एकादशी सांगत. दीड महिन्यात सून कितीदा बाहेर बसली, कितीदा सहा दिवस, हे त्यांच्या डोक्यात होतं. एक दिवस वैद्यबुवा आले. पडवीच्या कडेला उभे राहून, मला न शिवता, काही प्रश्न माईंना विचारले आणि माईंनी मला. 'अंगावर जातं', असं निदान झालं. मग मला रोज सकाळी कडू काढा आणि दुपारी कोहळ्याचा पाक सुरू झाला. जो रोग नव्हता त्याचं औषध मी चाटण घेतल्यासारखी घेत होते आणि जो होता तो मजेत वाढत होता. पाक मात्र गोड होता. मी वाटी चाटून पुसून खायचे. सांगितलं ना, शहाणी होते.

एका दुपारी मी पडवीत चटईवर पडले होते, खोट्या कावळ्याच्या तिसऱ्या दिवशी. ओटीवर मामंजी आणि माई बोलत होते. मधे फक्त कुडाची भिंत.

"वैद्य काय म्हणाले शेवटी?" मामंजी.

"असं जात राहिलं तर मूल राहणं कठीण, म्हणाले."

पानाचा डबा उघडल्या-मिटल्याचा आवाज. मग मामंजी म्हणाले, "पूर्णगडचे ते गृहस्थ मागे विचारत होते त्यांच्या मुलीचं. तेव्हा आपण नाही म्हटलं. बिजवर चालेल म्हणत होते. अगो, हिला काही टाकायची नाही. राहील घरात. पण वंश नको का? बंदर उघडलं की मुंबईला पत्र टाकतो."

माई 'नाही' म्हणाल्या नाहीत एवढंच मला ऐकू आलं.

मी चटईवर उठून बसले. राहील घरात! आत्याही राहत होतीच की घरात. मी ज्या खोलीतून पळत होते तिचं दार मीच हातानं उघडलं होतं, रोज थोडंथोडं, कावळ्याच्या नावानं. रोग सांगितला तर गेले, न सांगितला तर गेले. माझ्यापुढे आता दोनच लाजा होत्या आणि कुठल्या लाजेनं मरायचं तेवढंच ठरवायचं होतं. रात्रभर पागोळ्या ऐकल्या. पहाटे रहाट कुरकुरला, माईंच्या अंगावर चार घागरी पडल्याचा आवाज आला, आणि मग ओल्या लुगड्याचा तो फटक फटक आवाज करत त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले, जिथवर मला मुभा नव्हती.

"मागे हो!" माई ओरडल्या. "विटाळ करशील!"

"नाही होणार," मी म्हटलं. "मी बाहेरची नाही आहे. कावळा खोटा होता. दोनदा सोडून सगळे खोटे."

माईंच्या हातात केळफूल होतं. तेलाचा हात लावून त्या एकेक फूल सोलत होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. "खोटा म्हणजे?"

मग मी सांगितलं. जागा बोटानं दाखवली, शब्दानं नाही, कारण शब्द नव्हताच. बिब्ब्याचं सांगितलं. कोरडं राहिलं की बरं होतं ते सांगितलं. आत्याचं सांगितलं. माईंचा पहिला बोल काय यावा?

"आणि मी मेली आठ दिवस तुझ्यासाठी कोहळे किसत्ये!"

लुगड्यातून पाणी ठिबकून त्यांच्या पायाशी जमिनीवर गोल डाग पडला होता. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कडा लाल आहे? मधे काळं?"

"हो."

"घाम आला की जास्त?"

"हो. तुम्हांला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? तेवीस वर्षं झाली मला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तेवीस वर्षं. माझ्या वयापेक्षा जास्त. ही बाई रोज माझ्याशेजारी त्या चुलीपुढे उभी होती आणि एकदाही डुलली नव्हती.

"मग तुम्ही काय करता, माई?"

"काय करत्ये! उभी राहत्ये. धग लागली की जरा विसर पडतो."

"कोरड्यानं बरं होतं ते…"

"ठाऊक आहे गो मला," माई म्हणाल्या. "त्या चार दिवसांची मीही वाट बघायच्ये. दिवस मोजायला मी शिकल्ये ती एकादशीसाठी नाही, त्यासाठीच. आता मेला कावळाही शिवत नाही. चार वर्षं झाली." आणि केळफुलाचं पुढचं फूल सोलायला घेतलं.

त्या सकाळी माईंनी ओटीवर जाऊन मामंजींना सांगितलं की सुनेला काही झालेलं नाही, मोजण्यात आपलीच चूक झाली, तिथ्यांची गल्लत झाली. पूर्णगडला काही कळवू नका, वैद्यालाही नको. जिची एकादशी कधी हुकली नाही त्या बाईनं हे सांगितलं. मामंजी पुढे कितीतरी महिने पाहुण्यांसमोर म्हणत, "आमच्या हिला आता प्रतिपदा आणि पौर्णिमा सारखीच!" आणि पाहुणे हसत, आणि माई पानं मांडत.

दुसरं त्यांनी केलं ते असं. एक फडकं घेतलं, माझा उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत गुंडाळला आणि घरात जाहीर केलं की सुनेचा हात पोळलाय, जखम आहे, महिनाभर तिला सोवळ्यात घेता येणार नाही. मला म्हणाल्या, "सुकव मेले एकदाची. मुलगा यायच्या आत." मी म्हटलं, "पण मग सगळं तुम्हांला एकटीला…" त्या म्हणाल्या, "माझं आता काय व्हायचं राहिलंय?"

इथे मी त्या शहाणीची थट्टा करायला हवी, पण काय थट्टा करणार? तिनं एकदाही 'नको' म्हटलं नाही. लगेच 'बरं' म्हणाली. महिनाभर कोरडं लुगडं नेसून, चांगल्याभल्या हाताला फडकं बांधून ती पडवीत वाती वळत बसली, डाव्या हातानं, अगदी वाईट वळल्या. स्वयंपाकघरातून ओल्या लुगड्याचा आवाज येत असे, पूर्वी दोघींचा यायचा तेवढा वेळ आता एकटीचा. सखूनं गोठ्यातली राखुंडी चाळून दिली, ती मी लावली. महिन्यानं कातडी नुसती काळसर राहिली, खाज गेली. बंदर उघडलं, पहिल्या आगबोटीनं हे आले, म्हणाले, "हाताला काय झालं होतं म्हणे?" मी हात दाखवला. "अगदी डाग नाही राहिला!" म्हणून ते माईंकडे बघून कौतुकानं हसले. हातावर कसा राहणार?

हे सगळं असं चांगलं झालं म्हणून कुणाला वाटेल की मग घरात काही बदललं असेल. काही बदललं नाही. पुढच्या पावसाळ्यात मी पुन्हा ओलेती, खाज पुन्हा जागेवर. एकदा धीर करून म्हटलं, "माई, मामंजी मुकट्यात बसतात. आपणही कोरडं वाळवून नेसू की. दांडी माळ्यापाशी बांधू, मांजर पोचणार नाही." त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांच्या तेवीस वर्षांना खोटं म्हणाले होते. "माझ्या सासूबाई उभ्या राहिल्या," एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही. मला राग आला होता, आजही येतो, पण कुणावर काढायचा ते तेव्हाही कळलं नाही आणि आजही नाही. नात म्हणते औषधाच्या दुकानात एक लहानशी ट्यूब मिळते, दोन आठवड्यांत जातं. मी तिला म्हटलं, हो का? आणि दुसरंच काहीतरी बोलू लागले.

पाच-सहा वर्षांनी माई गेल्या. भाद्रपदात, तापानं, तीन दिवसांत. कुंकवासकट गेल्या म्हणून आळीतल्या बायका त्यांना नशीबवान म्हणाल्या. शेवटची आंघोळ घालायला मी आणि शेजारच्या काकू होतो. मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्यासारखं नव्हतं ते. कडा सरकत सरकत पोटापर्यंत आली होती आणि मागे कमरेवर चढली होती, कातडी झाडाच्या सालीसारखी जाड, काळी, मधे मधे चिरा पडलेली. काकूंनी तोंड फिरवलं. पाणी घालून झालं, नवं हिरवं लुगडं बाजूला घडी करून ठेवलेलं होतं. मी जुनं, मऊ झालेलं पंच्याचं फडकं घेतलं आणि पुसायला बसले. घडीघडीतून, चिरेचिरेतून.

"अगो, आता जळायचंच ते," काकू म्हणाल्या. "किती पुसत्येस? बाहेर लोक खोळंबल्येत."

मामंजीही ओटीवरून दोनदा खाकरले. पावसाळी हवा होती. पुसलेली जागा बघता बघता पुन्हा दमट व्हायची, आणि मी फडक्याचं कोरडं टोक शोधून पुन्हा पुसायचे.